मोरकुसळीची हाक

जुन्नरच्या रविवारच्या बाजारात एके काळी दोन आवाज सगळ्या गलक्याच्या वर ऐकू यायचे. एक एसटीच्या हॉर्नचा आणि दुसरा मोहनलाल मुथांचा. एसटी निदान स्टँडवर पोचली की गप्प बसायची. मोहनलाल सकाळी तोंड उघडायचे ते बाजार उठेपर्यंत मिटायचे नाहीत. मुथांच्या तांदळाचा भाव लेण्याद्रीच्या गणपतीलाही बसल्या जागी कळतो, असं लोक म्हणायचे, आणि मोहनलालना ते ऐकून बरं वाटायचं.

आजोबा मारवाडातून आले, वडिलांनी पेठेत धान्याचं दुकान टाकलं आणि मोहनलाल इथल्याच मातीत वाढले. घरातली मारवाडी बोली आता फक्त त्यांच्या बायकोच्या, कस्तुरबाईंच्या रागात उरली होती. बाकी सगळा कारभार मराठीत. तरुणपणी वडील त्यांना दर रविवारी पोती देऊन बाजारात बसवत, आणि तिथं बसून मोहनलालनी स्वतःची एक विद्या कमावली. मालाचं नाव घ्यायचं, पुन्हा घ्यायचं, घेतच राहायचं. गिऱ्हाईक घरी जाऊन झोपलं तरी त्याच्या कानात 'आंबेमोहोर, आंबेमोहोर' वाजत राहिलं पाहिजे. आणि एखादा बासमती शोधणारा दिसला तर बासमतीचंही नाव ठोकून द्यायचं. तो थांबला की आपल्याकडचा तांदूळ त्याच्या ओंजळीत ओतायचा. ह्यात काही खोटं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मापात मात्र त्यांनी आयुष्यात कुणाला दाणा कमी दिला नाही. ओरडणं वेगळं आणि मोजणं वेगळं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आता सत्तरी जवळ आली होती, घसा बसला होता आणि दुकान मुलगा बघत होता. मोहनलाल गादीवर बसून आल्यागेल्याशी बोलत. गिऱ्हाईक गेलं तरी बोलत.

चैत्रात आयंबिलची ओळी, म्हणजे जैनांचं नऊ दिवसांचं व्रत, सुरू व्हायच्या आधी डोंगरातली लंकाबाई तांदूळ घेऊन दुकानात यायची. हा नेम मोहनलालच्या वडिलांपासूनचा. ओळीत दिवसातून एकदाच जेवायचं आणि तेही तूप, तेल, दूध, साखर, मसाला ह्यांतलं काहीही न घालता. नुसतं उकडलेलं धान्य. कस्तुरबाई त्या नऊ दिवसांत एकच भात खात. डिंभ्याच्या धरणामागच्या डोंगरात, लंकाबाईच्या एका खाचरात पिकणारा मोरकुसळी. तांबडा दाणा, त्याच्या टोकाला बोटाएवढं लांब कुसळ, आणि वारा आला की लोंबी मोराच्या तुऱ्यासारखी हलते म्हणून हे नाव. कुसळ घशात टोचतं म्हणून रानडुकरं त्या खाचराकडे फिरकत नाहीत. भात मात्र असा की काही न घालता गोड लागतो. कस्तुरबाई म्हणायच्या, ह्या भातानं माझी तपश्चर्या फुकट जाते, तपात एवढी चव असू नये.

त्या वर्षी लंकाबाई आली ती रिकाम्या पिशवीनं.

"यंदा न्हाई आनलं, शेठ."

"मग पुढच्या आठवड्यात आणा. ओळीला वेळ आहे अजून."

"न्हाईच ते. सपलं." तिनं समोरच्या पोत्यात उगाच हात घातला आणि काढला. "दिवाळीत पाऊस लागला न्हवं का, उभ्या लोंब्यांला कोंब आलं. कापलेलं खळ्याव कुजलं. बियाला ठिवायबी दाना ऱ्हायला न्हाई. वाडी वाडी फिरले. समद्यांनी कवाच इंद्रायणी धरलीया."

मोहनलाल गप्प झाले. हे क्वचित घडायचं.

"सासूनं जाताना माझ्या वटीत बी घातलं व्हतं," लंकाबाई म्हणाली. "नव्या भाताचा पयला घास डोंगरच्या देवाला, आन् त्यो ह्याच भाताचा, असं बजावलं व्हतं. आता पेरनीपातूर बी घावलं न्हाई, तर माझ्या हातानंच बुडालं म्हनायचं."

ती रडली नाही. रडली असती तर मोहनलालना सोपं गेलं असतं. ते उठून आत गेले. डब्याच्या तळाशी मागल्या वर्षीचा थोडा मोरकुसळी होता, पण कांडलेला. कांडलेला तांदूळ पेरून काय उगवणार? बाहेर आले तर समोर आढ्यापर्यंत पोत्यांची थप्पी. दुकानभर धान्य, पण त्यातला तांदळाचा एक दाणा मातीत टाकला तर उगवेल म्हणाल तर नाही. जन्म ह्या थप्प्यांपुढं गेला आणि ही गोष्ट त्यांच्या आज लक्षात आली. त्यांना लाज वाटली.

"मी शोधतो," ते म्हणाले. "कुठं ना कुठं असणारच. तुमी घोर सोडा."

लंकाबाईनं घोर सोडला की नाही माहीत नाही, पण त्या घडीपासून तो मोहनलालना लागला.

त्यांची सून रिद्धी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी इंटरनेटवरची पानं लिहायची. ती दिवसभर नुसतं टाइप करते आणि पगार मात्र खराखुरा येतो, हे सासऱ्यांना न उलगडलेलं कोडं होतं. पण गरज पडली तेव्हा त्यांना पहिली तीच आठवली.

"रिद्धी, आपलं एक पान टाक गूगलवर. मी सांगतो, तू लिही."

आणि मोहनलाल बाजारात बसल्यासारखे सुटले. मोरकुसळी भाताचं बी पाहिजे. मोरकुसळी भात असलेल्यांनी मोरकुसळी भाताच्या बियाण्यासाठी मोरकुसळी भात घेऊन मोरकुसळी भातवाले मुथा यांना भेटावे.

"पप्पा, एवढ्या वेळा नको."

"तुला बाजार म्हाईत नाय. नाव कानावर आदळत राहिलं पायजे. आणि खाली बासमती, कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर, सगळ्यांची नावं घाल."

"पण आपण बासमतीबद्दल काहीच सांगत नाही आहोत."

"माणूस थांबेल तर खरा! आणि लाज वाटत असली तर पानाच्याच रंगात लिही. दिसायला नको, पण असायला पायजे."

रिद्धी त्यांच्याकडे बघतच राहिली. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कुणी नाय. का?"

"काही नाही. ह्या युक्त्या शोधायला परदेशातल्या मोठमोठ्या डोक्यांना फार खटपट करावी लागली होती. तुम्हाला गादीवर बसून सुचल्या."

मोहनलालना हे कौतुक वाटलं. ते कौतुक नव्हतं. रिद्धीनं पान मात्र सांगितलं तसंच टाकलं. सासऱ्यांशी आपण वाद घालण्यापेक्षा तो गूगललाच घालू द्यावा, असा तिचा विचार.

गूगलनं वादही घातला नाही. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मोहनलाल रोज फोनवर 'तांदूळ' असं लिहीत आणि अंगठा दुखेपर्यंत खाली खाली जात. मोठमोठी दुकानं यायची, पुलावाच्या कृती यायच्या, तांदळाच्या पिठानं चेहरा उजळवायचे उपाय यायचे. मुथांचं पान कुठंच नाही. एक दिवस मात्र फोन वाजला. पलीकडचा माणूस आदबीनं म्हणाला, "सर, तुमचं पान पहिल्या नंबरवर आणून देतो."

"ते राहू द्या. तुमच्याकडं मोरकुसळी आहे का?"

"ते कुठलं पॅकेज, सर?"

मोहनलालनी फोन ठेवला आणि दुपारी सुनेपुढं जाऊन बसले. "तुझ्या त्या गूगलचे कान गेलेत का गं?"

रिद्धी हसली. "पप्पा, तुम्ही माल घेताना पोत्यावर काय छापलंय ते बघून घेता का?"

"छे! पोत्यात सळई खुपसायची, आतला दाणा तळहातावर घ्यायचा."

"तेच ते करतं. पूर्वी पोत्यावरची नावं मोजायचं. मग लोकांनी पोती नावांनीच भरून टाकली. आता ते सळई घालतं. विचारणाऱ्याला जे हवं ते आत आहे की नाही, हे बघतं. नाव एकदा नीट घेतलं तरी पुरतं. पन्नासदा घेतलं की उलट संशय येतो."

हे मोहनलालना एकदम पटलं. पोत्यावर नको इतकी छपाई असली की त्यांनाही संशयच यायचा. "पण असल्या किती पोत्यांत सळई घालणार ते?"

"जगातली जेवढी पानं त्याला सापडतात तेवढ्यांत. आधीच वाचून ठेवलेली असतात सगळी. कोणी काही विचारलं की पापणी लवायच्या आत त्यातलं निवडून पुढं ठेवतं."

"मराठीपण?"

"मराठीपण. आपलंही वाचून गेलंय."

मोहनलालनी नकळत दाराकडे पाहिलं. कोणी येऊन, सगळं वाचून, एका शब्दानं काही न बोलता निघून गेलं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला.

"आता हे बघा," म्हणत रिद्धीनं फोनवर तांदळाचं नाव अर्धवट लिहिलं आणि थांबली. खाली आपोआप ओळी उमटल्या.

"ह्या कुणी लिहिल्या?"

"लोकांनी. लोक जे विचारतात, त्यातलंच ते आपल्याला सुचवतं."

मोहनलालनी चष्मा लावला. तांदळाला किडे लागू नयेत म्हणून काय करावे. भात चिकट का होतो. शुगर असेल तर कोणता भात खावा. बाळाला पेज कधी सुरू करावी. तापात भात खाल्ला तर चालतो का. त्यांनी फोन सुनेच्या हातातून काढून घेतला आणि नाचणी लिहून बघितलं. मग बाजरी. मग वरई. प्रत्येक धान्याखाली माणसंच माणसं उभी होती. कुणाच्या बाळाला दात येत नव्हते, कुणाची भाकरी थापताना तुटत होती, कुणाच्या आईला अन्न जात नव्हतं. उन्हं कलली, चहा निवून गेला, कस्तुरबाई दोनदा डोकावून गेल्या, पण ह्यांची मान वर होईना.

उभ्या जन्मात त्यांच्यासमोर अशी माणसं येऊन गेली होती. 'दोन किलो द्या' म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. भात चिकट होतो म्हणून सासू बोलते, हे एकीनंही सांगितलं नव्हतं. वाण्याला असलं कोण सांगतं? ते सगळं लोक ह्या काचेला सांगत होते, हलक्या आवाजात, एकेकटे. मोहनलालचे डोळे भरून आले.

"एवढं सगळं लोकांच्या मनात व्हतं," ते म्हणाले, "आणि मी त्यांच्या अंगावर ओरडत बसलो."

सूर्य मावळायच्या आत घरात जेवणं व्हायची. त्या संध्याकाळी मोहनलाल पहिला घास हातातच धरून थांबले.

"ज्याच्या घरात मोरकुसळी आहे तो गूगलला मोरकुसळी कशाला विचारेल? त्याच्या कणगीतच आहे ती. तो त्याची अडचण विचारेल."

"कसली अडचण?" कस्तुरबाईंनी विचारलं.

"ते मला काय ठाऊक? मी नुसती विकली. पिकवली कुठं?"

रिद्धीची पोळी तव्यावर करपायला आली होती. "पप्पा, एवढी एक गोष्ट नव्या मुलांच्या गळी उतरवायला आमच्या कंपनीला केवढा काळ लागतो, माहीत आहे?"

हे मात्र कौतुकच होतं, आणि ह्या वेळी ते त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं मन डिंभ्याला पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी रिद्धीनं गाडी काढली. डिंभ्याच्या पुढच्या एसटीचा काही भरवसा नव्हता, आली तर आली. घोडेगाव मागं पडलं, धरणाचं पाणी दिसू लागलं. उन्हाळ्यानं ते खूप खाली गेलं होतं आणि काठच्या गाळातून जुन्या बांधांच्या रेघा वर आल्या होत्या. लंकाबाईची वाडी त्याच्या वरच्या अंगाला. ती अंगणात हिरडे निवडत बसली होती. शेठ स्वतः दारात आलेले पाहून तिला वाटलं, बी घावलं. नाही म्हटल्यावर तिनं पुन्हा हिरड्यात हात घातला.

"लंकाबाई, मोरकुसळीचा तरास काय असतो ते सांगा."

"तरास?" ती हसली. "खाताना तर कवा बोलला न्हाईत, शेठ."

"चेष्टा नाय. पिकवणाऱ्याला काय जड जातं?"

"गिरनी!" तिनं लगेच सांगितलं. "गिरनीवाला बघूनच हात जोडतो. कुसळानं चाळन तुंबती. म्हनतो, मावशे, ही तुजी दाढीवाली घिऊन जा माघारी. मग आमी घरीच कुसळ मोडतो आन् मंग नेतो."

"कसं मोडता?" रिद्धीनं फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं.

"भाताला आदी उनात निजवायचं. पातळ पसरून, चांगलं कडक ऊन बघून. दुपार कलली की उठवायचं."

"उठवायचं म्हणजे?"

"काठीनं. हलक्या हातानं झोडायचं. तापलेलं कुसळ कसं कडाकडा मोडतं. मंग खरबरीत फरशीव पायानं मळायचं आन् सुपानं पाखडायचं. निजवल्याबिगर उठत न्हाई ते, कितीबी झोडा." बोलता बोलता तिनं खालच्या पाण्याकडे पाहिलं. "त्या तितं आमचं गाव व्हतं. समद्या बाया असंच म्हनायच्या, निजवलं का, उठवलं का. गाव पान्यात गेलं, बाया चहूकडं पांगल्या. कोन कुटं गेली, कुनाला ठावं."

परत येताना मोहनलालनी घोडेगावपर्यंत ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. 

नवं पान लिहायला मोहनलाल सुनेशेजारी खुर्ची ओढून बसले. मथळा साधाच ठेवला: कुसळाचा भात गिरणीत घेत नाहीत, काय करावे? खाली लंकाबाईनं सांगितलं ते सगळं, तिनं सांगितलं त्याच क्रमानं. बासमती आणि कोलम ह्यांना निरोप दिला. पानाच्या रंगात दडवलेलं सगळं पुसलं.

"मोरकुसळी किती वेळा घालायचं?" मोहनलालनी जरा भीतभीतच विचारलं.

"एकदा वर, एकदा शेवटी."

"मधी एकदा?"

"नाही."

मोहनलाल खुर्चीत चुळबुळले. गिऱ्हाईक समोरून चाललंय आणि आपण तोंड मिटून बसलोय, असं त्यांना झालं. तेवढ्यात त्यांची नजर स्क्रीनवर गेली. "अगं, इथं तू वाळवायचं असं लिहिलंस. ती निजवायचं म्हणाली व्हती."

"पप्पा, 'भात वाळवणे' लोक विचारतात. 'भात निजवणे' असं कोणी विचारल्याची कुठं नोंदच नाही. मी बघितलं."

"मग वाळवायचंपण लिही. पण तिचं काढू नको." मोहनलालचा आवाज जुन्या बाजारातल्यासारखा चढला. "तिनं माप भरून दिलंय. त्यातला दाणा आपण काढायचा नाय."

रिद्धीनं 'वाळवणे' शेजारी लंकाबाईचं 'निजवायचं' आणि 'उठवायचं' जसंच्या तसं ठेवलं. शेवटी एवढंच लिहिलं की ह्या जातीला मोरकुसळी म्हणतात, डिंभ्याच्या डोंगरातल्या एका बाईचं बी गेलंय, तिला ते पेरणीआधी हवंय, कुणाकडं असलं तर कळवा. आणि दुकानाचा फोन.

मग वाट बघणं आलं. काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी रिद्धीनं फोन पुढं केला. "विचारा त्याला. कुसळाचा भात, एवढंच लिहा."

मोहनलालनी एकेक अक्षर शोधून लिहिलं. सगळ्यात वर त्यांचं पान होतं. मोठमोठ्या दुकानांच्या वर, पुलावाच्या वर, जुन्नरच्या पेठेतल्या मुथांचं पान. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"मी तर दोनदाच म्हटलं," ते पुटपुटले. "तेपण हळू."

त्यानंतर फोन येऊ लागले, फोटो येऊ लागले. कोकणातून कुणी काळ्या कुसळाचा भात पाठवला, वेल्ह्यातून कुणी पांढऱ्या, पार गडचिरोलीहून एका मास्तरांनी लोंबी तळहातावर धरून विचारलं, हीच का तुमची? ती नव्हती. एकही ती नव्हती. पण प्रत्येकीला नाव होतं, प्रत्येकीला कुणीतरी दारामागच्या वाफ्यात जपलं होतं. जगात आपल्या पोत्यांत आहेत तेवढेच तांदूळ, असं समजून हा माणूस म्हातारा झाला होता. तो आता एकेक फोटो मोठा करून बघायचा आणि कस्तुरबाईंना हाका मारून दाखवायचा. एवढी समृद्धी आपल्या आसपास नांदत होती आणि आपण तिला विचारलंसुद्धा नाही, ह्याचं त्याला नवल वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

पण मोरकुसळी काही येईना. अक्षय्य तृतीया झाली. डोंगरात रोपांच्या वाफ्यांचे राब भाजून झाले. लंकाबाईनं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला की तिनं ते खाचर मोकळंच ठेवलंय, दुसरं काही पेरणार नाही, शेठनी काय ते कळवावं. मोहनलालना जेवण गोड लागेना. आपण बोलून बसलो आणि आता ती बाई त्या बोलण्यावर खाचर मोकळं ठेवून बसलीय, हे त्यांना सोसवेना.

आणि एका दुपारी फोन वाजला.

"मी उज्ज्वला बोलते, शिरूरच्या बाजूनं. आमची धरणग्रस्तांची वस्ती आहे हितं. अखितीच्या नैवेद्याला भात कांडायला नेला तर गिरणीवाल्यानं परत केला. सासूबाईंचे हात आता चालत नाहीत उखळावर. म्हणून मी फोनवर विचारलं, तर तुमचं पान आलं. त्यांना वाचून दाखवलं, तेव्हापासून तुमाला फोन लाव म्हणून मागं लागल्यात. देते त्यांच्याकडं."

फोनवर खरखर झाली आणि एक म्हातारा, करडा आवाज आला.

"भाताला निजवायचं, असं कुनी सांगितलं तुमाला?"

मोहनलाल दचकले. "डिंभ्याच्या वरच्या वाडीतल्या लंकाबाईंनी."

म्हातारीचा आवाज चढला.

"लंकी जिती हाय व्हय?"

"हायेत की! चांगल्या आहेत. तुमी कोण?"

"मी अंबाबाई. तिच्या दाराम्होरं माझं दार व्हतं." आवाज फुटला. "आमच्या गावाभाईर असं कोन बोलत न्हाई वो. सुनंनं वाचलं आन् माझ्या हातातलं सूप पडलं. मला वाटलं, गावच बोलतंय."

मोहनलालनी घाईनं विचारलं, "आजी, तुमच्याकडं मोरकुसळी आहे?"

"हाय म्हंजे? पाटाच्या पाझराव दरसाल लावते. देवाला लागती न्हवं?"

मोहनलालनी माणूस पाठवून बी आणतो म्हटलं, काय द्यायचं ते विचारलं. अंबाबाई फटकन म्हणाली की बी कुणी विकत नसतं, आणि ती ते दुसऱ्याच्या हाती देणार नाही, स्वतः घेऊन येणार.

उज्ज्वलानं तिला मंचरच्या स्टँडवर आणून सोडलं. तिथून मोहनलाल आणि रिद्धीबरोबर गाडीत. अंबाबाईनं गाठोडं सगळा रस्ता मांडीवर धरलं होतं, त्याच्यावर हात ठेवून. धरणाचं पाणी दिसलं तेव्हा तिनं काच खाली करायला सांगितली आणि वळण संपेपर्यंत पापणी हलवली नाही.

लंकाबाईला मोहनलालनी कळवलं होतं की बी घेऊन येतोय. कोण आणतंय ते सांगितलं नव्हतं. चांगल्या मालाचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पोटात ठेवलं होतं, आणि ते ठेवताना त्यांचा जीव अर्धा झाला होता.

लंकाबाई अंगणातच उभी होती. तिनं माणसांकडे पाहिलंच नाही, तिची नजर गाठोड्यावर. अंबाबाईनं खाली बसून गाठ सोडली. लंकाबाईनं एक दाणा कुसळाला धरून उचलला, उजेडात फिरवला, दाताखाली चावला. तिची मान हलली. हो, तीच. मग तिनं वर बघितलं, बी देणाऱ्या हाताकडे, मग तोंडाकडे. दात गेलेले, केस पिकलेले. किती तरी वेळ ती बघत राहिली.

"अंबे?"

"मंग कोन?"

लंकाबाई तिच्यासमोर खाली बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि ते दाबत राहिल्या. रिद्धीनं तोंड फिरवलं. मोहनलालचा चष्मा धुकटला.

बऱ्याच वेळानं लंकाबाईनं मान वर केली. "शेठ, ही तुमाला घावली कशी?"

मोहनलालनी तोंड उघडलं. त्यांना सगळं सांगायचं होतं. ती काच, ती सळई, जगभरची वाचून ठेवलेली पानं, आणि त्यातून एका बाईच्या एका अडचणीला सापडलेलं हे एक पान. पण सगळा जन्म बाजारात ओरडण्यात घालवलेल्या त्या माणसाला एक शब्द सुचेना. 

"त्यांना काय इचारतीस?" अंबाबाई म्हणाली. "तूच हाक मारलीस की. आले मी."